काथ्याच्या खड्ड्यातला गाळ

तातू परब आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. सातवी नापास. आणि मी तिथलाच एम.एस्सी. प्राध्यापक!

त्र्याऐंशी साली मी मासे धुतलेल्या घाण पाण्यात शेवाळ वाढवायला घेतलं. पाणी स्वच्छ व्हावं, वर हायड्रोजन मिळावा, एवढीच इच्छा. वर्षभर नुसती दुर्गंधी मिळाली. तातूने मात्र गुपचूप एक बाटली भरली, शेवाळाबरोबर तिच्यात आईच्या काथ्याच्या खड्ड्यातला, नारळाची सोडणं कुजतात तिथला लालसर गाळ टाकला आणि नळी बसवलेलं बूच लावून ती उन्हात ठेवली. मी गाळ तर टाकला नव्हताच, उलट पाणी दर वेळी उकळून घेत होतो. ज्या जंतूंनी काम करायचं, त्यांनाच मारत होतो!

पंधरवड्यात त्याचं पाणी निवळलं. प्राचार्यांसमोर त्याने नळीत जमलेल्या वायूला काडी लावली, आणि फट् आवाज झाला. हायड्रोजनच! माझा नुसता जळफळाट झाला.

"कोणी शिकवलं रे तुला?" प्राचार्यांनी विचारलं.

आता हा मिरवणार, मी दात आवळले.

तातूने माझ्याकडे बोट केलं. "सरांनीच शिकयल्यानी माका."

त्या एका वाक्यासाठी मी मेल्याला अजून माफ केलेलं नाही.