वाळलेला पांगारा

आमच्या इमारतीमागचा पांगारा परवा तोडला. पौषापासून त्याच्यावर एक पान नव्हतं. वाळलाय, एखाद्या दिवशी कुणाच्या डोक्यात पडेल, असं सगळे म्हणाले आणि अर्जावर मीही सही केली. करवत फिरली तेव्हा खोड आतून ओलं निघालं. खाली पडलेल्या फांद्यांच्या टोकांना काळपट कळ्या धरल्या होत्या. पंधरा दिवसांत झाड लालभडक झालं असतं.

एक फांदी मी घरात आणली. बाबा गेल्यापासून आई खिडकीशी बसून असते. बोलत नाही, पूजाही करत नाही. एरवी प्रत्येक ऋतूचं पहिलं फूल ती देवापुढे ठेवायची, मग ते रानातलं का असेना. तिचं पंचांग तेच.

तिने फांदी मांडीवर घेऊन कळ्या चाचपल्या.

"पांगारा आधी पानं टाकतो, मग फुलतो," ती म्हणाली. "मला विचारायचं तरी होतंत."

झाड शिशिरात आहे की संपलंय, हे ओळखायला थोडं थांबावं लागतं. आमच्यापैकी कुणीच थांबलं नव्हतं.

"ठेव देवापुढे," ती म्हणाली.

मी फांदी तांब्यात घालून देव्हाऱ्यात ठेवली. देव्हाऱ्याखालच्या खणात वृद्धाश्रमाचा अर्ज आहे. भावाने आणि मी मिळून ठरवलंय. त्यावरही माझी सही झालेली आहे. आईला विचारायचं तेवढं राहिलंय.