अर्धलीनं दिलेलं औषध

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला तरी सरळ सांगता येईल का — बघू.

शेळीला दगडी होते म्हणजे काय, ठाऊक आहे? कास सुजते, दगडासारखी घट्ट होते, दूध आटतं आणि करडं भुकेनं ओरडत मरतात. आमच्या बेंबळीकडं हे घरोघरी. मी जनावरांची डॉक्टर झाले, पुण्यात एका लहानशा बायोटेक कंपनीत लागले, आणि आम्ही या दगडीवर कासेच्या सडात सोडायचं स्वस्त औषध काढलं. चाचणीसाठी शेळ्या कुणाच्या? माझ्या चुलतीच्या, शेवंताकाकूंच्या. आणि काकूंच्या शब्दाखातर सगळ्या वस्तीच्या.

औषध लागू पडलं. हे नीट ध्यानात ठेवा — लागू पडलं!

पण कारखाना, विक्री, गावोगावची दुकानं — लहान कंपनीला हे झेपत नाही. मग मोठी औषध कंपनी गाठायची, हक्क तिला द्यायचे आणि विक्रीत वाटा घ्यायचा. बोलणी करायला मीच होते. वस्तीवर समजावताना म्हटलं, आपण औषध अर्धलीनं देतोय. सगळे हसले, सगळ्यांना कळलं. शेळी आपली, सांभाळणारा दुसरा, करडं निम्मी-निम्मी.

आता अर्धलीत शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. सांभाळणाऱ्यानं शेळी उपाशी बांधून ठेवली, तर दावं सोडून घरी आणायची. आमच्या कराराच्या मसुद्यात तसं कलम होतं — मुदतीत औषध बाजारात आणलं नाही, तर हक्क परत. मोठ्या कंपनीचे साहेब गोड हसून म्हणाले, तेवढं काढा, उद्याच सही करतो. आणि मी, शेळ्यांच्या दुधावर वाढलेली मी, मान डोलावली. का? हा सौदा मी जमवला असं सगळ्यांनी म्हणावं म्हणून. दुसरं काही नाही.

त्यांनी औषध खुंट्याला बांधलं. त्यांचं स्वतःचं महागडं इंजेक्शन दगडीवरच खपत होतं, मग आमचं स्वस्त औषध ते कशाला विकतील? हक्क घेतले ते औषध गाडायलाच. शुद्ध हरामखोरी! आजही आठवलं की डोकं फिरतं. पण त्यांना शिव्या देणं सोपं आहे हो. खरं सांगायचंय ते पुढंच आहे.

वस्तीवर लोक विचारू लागले, औषध कुठाय? करडं तर मरतच होती. कलम मी सोडलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? तेव्हा मला एक आठवलं. चाचणीच्या सुरुवातीला काकूंनी एका शेळीला कोरफड-हळदीचा लेप लावला होता. त्यांनी आपणहून येऊन तसं सांगितलंही होतं. ती शेळी मी तिथल्या तिथं चाचणीतून वगळली होती, कशाचंच काही बिघडलं नव्हतं. आणि तरी — तरी मी सगळ्यांदेखत म्हणाले, “काकू, तुमी लेप लावला, त्यानंच निकाल बिघडले. मोठ्या कंपनीच्या तपासणीत औषध पास झालं न्हाय.”

काकू पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. त्यांनी वाद घातला असता तर? मी तेव्हाही खोटंच बोलले असते.

तेव्हापासून करडू मेलं की लोक त्यांच्या दाराकडं बघून बोलतात. पूर्वी आजारी शेळी आधी त्यांच्याकडं यायची, आता कुणी आणत नाही. परवा गेले तर त्यांच्याच शेळीला दगडी झालेली, आणि त्या लांब बसलेल्या.

“तूच बघ पोरी. म्या हात लावत न्हाय. माज्या हातानं लई इस्कोट झालाय.”

मी पिशवीतून त्याच मोठ्या कंपनीचं इंजेक्शन काढलं आणि टोचलं. काकूंनी माझ्या हातावर तांब्यातलं पाणी ओतलं.

“तू हायस म्हणून निभावतंय,” म्हणाल्या.

मी हात धुतले.