भीती सर्वानुमते मंजूर

मी बाराखडी पत्रकांवर गिरवली. सांगवीच्या आमच्या घरात कॉटखाली वडिलांनी छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यामुळे माझा 'अ' अन्यायाचा आणि 'त' तडजोडीचा, जी कधी करायची नसते. पुढं मीही पत्रकं लिहू लागले. 'घाबरू नका!' हा माझा आवडता मथळा. तो लिहून झाला की मी डॉक्टरांनी लिहून दिलेली भीतीवरची गोळी घेऊन झोपायचे.

गोळी सोडायचं ठरवलं तेव्हा तत्त्वाला धरून एका झटक्यात सोडली. मग कुकरची शिट्टी झाली की मी अंगणात. हात असे थरथरायचे की चहा बशीतच प्यावा लागे. शेवटी आईनं मला बारामतीला डॉक्टरांकडं नेलं.

"एकदम बंद करायला कुणी सांगितलं? फिट आली असती," डॉक्टर म्हणाले. "ही हळूहळूच उतरवायची. आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव."

"म्हणजे तडजोड?"

"म्हणजे उपचार," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवली. बेल वाजताच मी खुर्चीतून उडाले.

हप्त्याहप्त्यानं न्याय मागणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केलेली. आता आई रोज अडकित्त्यानं माझ्या गोळीचे तुकडे करू लागली. कधी तुकडा टुणकन उडून फ्रिजखाली जाई आणि आम्ही दोघी पालथ्या पडून शोधत असू. "सुपारी बरी बाई," आई म्हणायची, "निदान दिसती तरी."

वरकुट्याहून आत्या आली. तिचा उपाय सोपा होता. "भ्या वाटतंय व्हय? मग म्हसरं राख. म्हशीला कदी भ्यालेलं बघितलंयस का? बघून शिक की जरा." मी दोन दिवस म्हशीकडं बघत बसले. तिसऱ्या दिवशी म्हैस मला बघून बुजायला लागली.

एवढ्यात साखर कारखान्याची वार्षिक सभा आली. आजोबांचा शेअर माझ्या नावावर असल्यानं मी सभासद होते. ऊसतोडीला येणाऱ्या बायकांना त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांजवळ, कोप्यांजवळ, संडास नव्हते. अंधार पडायची वाट बघत त्या दिवसभर पाणी पीत नसत. सभेत हे मांडीन, असा गेल्या हंगामात मी त्यांना शब्द दिला होता. दिवाळीच्या सुमारास त्या परत येणार होत्या आणि पहिला प्रश्न हाच विचारणार होत्या.

सभेला जाताना मी एक अख्खी गोळी मुठीत घेतली. डॉक्टरांचं ऐकायचं तर ती घ्यायची नव्हती. पण नुसती असू दे, म्हटलं.

आमच्याकडच्या सभांची एक रीत आहे. व्यासपीठावरून विषय वाचायला सुरुवात झाली की पुढच्या रांगा "मंजूर, मंजूर!" ओरडतात. वाक्य पूर्ण व्हायची वाट बघणं हा सभेचा अपमान समजतात. विषय भराभर संपले आणि माझं नाव पुकारलं गेलं.

माइकजवळ गेले तर हातातला कागद फडफडायला लागला. तो आवाज माइकमधून अख्ख्या मंडपात घुमला. मागच्या रांगांत खसखस पिकली. गोळी तोंडात टाकावी म्हणून मूठ उघडली, तर घामानं तिचा लगदा होऊन हाताला चिकटला होता. सगळ्यांच्या देखत हात चाटण्याइतकी मी अजून खचले नव्हते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक तात्या उठले. "गप बसा रं! पोरगी रागानं कशी थरथरतीया बघा!"

मला खोटं बोलणं जमेना. "अध्यक्षसाहेब, हा राग नाही," मी म्हणाले. "मला फार भीती वाटते..."

"मंजूर! मंजूर!"

टाळ्याही पडल्या. मला हसू आवरेना. तेव्हा कुठं सभेला कळलं की आपण काय मंजूर केलं. मग सगळा मंडप हसला, व्यासपीठसुद्धा. हात थरथरतच होते, पण हसण्याच्या नादात आवाज फुटला. मी बायकांचं, अंधाराचं, न प्यायलेल्या पाण्याचं सगळं सांगून टाकलं. या वेळी कुणी मधे ओरडलं नाही. वाक्य संपेपर्यंत सभा थांबली.

"विचार करू," अध्यक्ष म्हणाले.

"इचार कसला? हंगामाच्या आत बांधा," तात्या बसल्या जागेवरून म्हणाले. "माझी भन तोडीला जायची. मंजूर!" मागच्या रांगांनी ते उचललं.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "भीती गेली का गं?"

"नाही," मी म्हणाले. "पण आता ती सभेच्या इतिवृत्तात आहे."

आईनं अडकित्ता काढला. त्या दिवशीची पाव गोळी बाकी होती. ती उडाली, आणि वडीलही आमच्या शेजारी फ्रिजपाशी पालथे पडले.