गुडघ्याचा पट्टा

कापड शिवणाऱ्या बाईने चामड्याच्या वाटेला जाऊ नये, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला आधी ठणकावून सांगते. तरीही ती बसून राहिली तर मग चहा टाकते आणि शिकवते. कापडात चुकलं तर उसवता येतं, पाण्याचा हात लावून इस्त्री फिरवली की सुईची भोकं बुजतात. चामड्यात भोक पडलं की पडलं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, माझ्या लेकीच्या गुडघ्याने शिकवलं.

मी मूळची सांगलीची. लग्नाआधी शिवणाच्या क्लासात बाई माझी टीप सगळ्या मुलींना दाखवायच्या. बारीक, एकसारखी, मोहरी मांडल्यासारखी. मला तिचा भारी गर्व. आमच्या ह्यांना मद्रासजवळ आवडी गावातल्या कारखान्यात नोकरी लागली आणि बिऱ्हाड मद्रासला हललं, तेव्हा भांडीकुंडी मागाहून आली, पायमशीन मात्र माझ्याबरोबर आलं. क्वार्टर्समधल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज मीच शिवायची. तमिळ येत नव्हतं, पण दंडाचं माप घ्यायला भाषा कशाला हवी!

लेक नुकती चालायला लागली होती, तेव्हा तिला पोलिओ झाला. डावा पाय लुळा पडला. त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही, लिहायला बसले तर दुसरं काही व्हायचंच नाही. पुढे तिला कॅलिपर मिळालं. पायाच्या दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, खाली बूट, आणि गुडघ्यावर चामड्याचा एक रुंद पट्टा. सगळी गंमत त्या पट्ट्याची. तो गुडघा मागे दाबून धरतो म्हणून पोर उभी राहते. तो सुटला की गुडघा दुमडला आणि पोर खाली.

मद्रासच्या घामाने तो पट्टा वाळून पापडासारखा कडक झाला. गुडघ्याला जखमा व्हायला लागल्या, पोर कॅलिपर बघितलं की रडायची. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं. शाळेच्या मोठ्या बाई भल्या होत्या, पण स्पष्ट बोलल्या, ‘पायऱ्या चढून वर्गात स्वतः येऊ दे, मी घेते. उचलून आणायची असेल तर पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी! बरोबरीच्या मुली पुढे गेल्यावर ही दारात बसून बघणार होती काय? दवाखान्यात नवीन पट्ट्याचा नंबर लागायचा तो शाळा सुरू झाल्यावर. हे म्हणाले, ‘बाजारातल्या चांभाराला विचारू.’ मी म्हटलं, ‘घरात मशीन असताना? मी काय मेलेय?’

पेरियमेटच्या चामडेबाजारात जाऊन आम्ही चामडं आणलं. तिथे गल्लीत पाय ठेवला की वासानेच कळतं आपण कुठे आलोय. मी घरी येऊन कापडासारखंच सगळं केलं. टाचण्या लावल्या, कच्चा दोरा घातला, मग माझी ती मोहरीची टीप मारली. मजबुतीसाठी एकीवर एक अशा दोन मारल्या, आणि शेवटी मशीन मागे-पुढे करून टाके पक्के केले. दिसायला असा देखणा पट्टा, की मी तो सगळ्या क्वार्टर्सना दाखवून आले.

दोन दिवस तो टिकला. तिसऱ्या दिवशी पोर अंगणात नळाकडे चालत होती आणि पट्टा शिवणीवरून टर्रकन फाटला. पोस्टाची तिकिटं सुटी करतात ना, तसा. ती सिमेंटवर तोंडावर पडली. ओठ फुटला, तो काय, बरा झाला असता. पण त्या दिवसापासून ती कॅलिपर घालूच देईना. ‘ते मोडतं,’ एवढंच म्हणायची. मे अर्धा सरला होता.

त्या रडारडीत दोन घरं पलीकडच्या अक्का आल्या. ह्या तंजावरच्या मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की वाटायचं, जुनी पोथी चालत घरात आलीय आणि येता येता तमिळ शिकून आलीय. गिंडीला चामड्याच्या बॅगा शिवायच्या एका कारखान्यात त्या शिवण-विभागाच्या मुकादम होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. बाई मोठी तोंडाची. स्वतःची तारीफ स्वतःच करायच्या, दुसऱ्यावर अवलंबून राहायच्या नाहीत. त्यांनी फाटका पट्टा उचलला, डोळ्यांशी नेला आणि खो खो हसल्या.

‘अय्यो! अगे, हें शिवलेंस कीं चाळणी केलीस?’

मला असा राग आला! पोर पडली आणि ही बाई हसतेय. मी म्हटलं, ‘अक्का, सांगलीत माझ्या टिपेला कुणी नाव ठेवलं नाही.’

‘सांगलींत कापड होतें. कापडास बारीक टीप बळ देते. चामड्यास ती कापते. भोकाजवळ भोक, भोकाजवळ भोक, मग मध्यें राहिलें काय? ऊठ, रडूं नको. मज कॉफी दे, आणि चामडें काढ.’

कॉफी दिली. करते काय!

मग जे शिकले ते आज मी दुसऱ्यांना सांगते. टाका लांब ठेवायचा, तांदळाच्या दाण्याएवढा तरी हवा. टाचणी लावायचीच नाही, कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. कच्चा दोरा नाही, त्याऐवजी चिकटवायच्या सोल्युशनचा पातळ हात. चामड्याची सुई वेगळी मिळते, तिचं टोक पात्याचं असतं. धागा नायलॉनचा, सुती धागा घामाने कुजतो. शेवटी मशीन मागे घ्यायचं नाही, दोरे उलट्या बाजूला ओढून गाठ मारायची. सुईपाशी कापड दाबणारा मशीनचा पाय चामड्याला चिकटून अडायला लागला, तर टाल्कम पावडर चोळायची. आणि अवघड वळणावर आपला पाय पायडलवरून काढून चाक हाताने फिरवायचं. माझ्या घरगुती मशीनवर पातळ चामड्याचे दोन पदर जायचे, त्याहून जाड घातलं की बिचारं कण्हायचं. ‘त्यास मारूं नको,’ अक्का म्हणाल्या, ‘जेथें भार येतो तेथें हात चालव.’

म्हणजे आर, चांभाराचा टोच्या, आणि दोन सुया. आरेने आधी भोक पाडायचं, मग एकाच धाग्याच्या दोन टोकांच्या दोन सुया दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून काढायच्या. एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धागा धरून ठेवतो. ओट्यावर बसून मी आर चालवायला लागले तेव्हा समोरच्या एक बाई नाक मुरडून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, ‘हे असलं काम घरात? देवाधर्माचं घर तुमचं.’ मी काही बोलायच्या आत अक्का तमिळमधून कडाडल्या. नंतर मला अर्थ सांगितला, ‘पुसलें तिला, भजनाच्या मृदंगास काय केळीचें पान लावतां?’ ती बाई पुन्हा आमच्या ओट्याकडे फिरकली नाही.

पण अक्कांनी आखून दिलेला पट्टा सपाट होता, बॅगेसारखा. गुडघा कुठे सपाट असतो? मी म्हटलं, ‘अक्का, ब्लाउजला टक्स घालतो तसे इथे घालू. वाटीसारखा खोलगट होईल.’ त्या म्हणाल्या, चामड्यात टक्स जाड होतो, रुततो. मी म्हटलं, दुमडायचा कशाला, पाचर कापून काढू आणि कडा कडेला भिडवून शिवू, शिवण बाहेरच्या अंगाला. अक्कांनी चामडं हातात घेऊन वाकवून बघितलं. मग म्हणाल्या, ‘हें बरें सुचलें तुज,’ आणि कडा पात्याने तासून पातळ करायला स्वतः बसल्या. आतून मी जुन्या फ्लॅनेलचं मऊ अस्तर लावलं. शेवटी तेल. मी वाटी घेऊन निघाले तशी त्यांनी ती हिसकावली. ‘बोटानें लाव. केंसांस चोपडतात तसें चोपडलेंस तर लोळागोळा होईल.’

पट्टा झाला. पण पोर हात लावू देईना. दारामागे जाऊन बसली. ‘ते मोडतं.’ समजावून झालं, चॉकलेट झालं, ह्यांचं रागावूनही झालं. मी तर हात टेकले.

अक्कांनी पट्टा खिडकीच्या गजाला बांधला, खाली रिकामी बादली अडकवली आणि पोरीच्या हातात तांब्या दिला. ‘मोडून दाखव,’ म्हणाल्या.

पोरीने पाणी ओतलं. मद्रासमध्ये मेच्या महिन्यात पाणी म्हणजे सोनं, रांगेत उभं राहून भरलेलं, पण मी तिला ओतू दिलं. ती बसल्या बसल्या सरकत यायची, तांब्या रिकामा करायची, पट्ट्याकडे बघत राहायची. बादली काठोकाठ भरली. पट्टा करकरला, पण सुटला नाही. मग तिने दोन्ही हातांनी बादलीची कड धरली आणि अंगातलं सगळं बळ लावून खाली लोंबकळली. अर्धं पाणी तिच्या अंगावर सांडलं. पट्टा तसाच. ती ओलीचिंब, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आई, आता माझ्या पायाला बांध.’

मी बांधला. नव्या चामड्यात बक्कल मला लागेना, शेवटी तिनेच लावलं.

जूनमध्ये शाळा उघडली. नवं चामडं चालताना कर्र कर्र वाजायचं, वर्गातल्या मुली हसतील म्हणून मला धास्ती. फाटकापाशी मी तिचा हात धरून उभी. पायऱ्या समोर, कठड्याला धरून चढायचं. मी एक पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात तिने हात सोडवून घेतला. तोवर तिला माझ्यापेक्षा तमिळ बरं यायला लागलं होतं.

‘पो अम्मा,’ म्हणाली. जा तू.

ती चढली. मधे थांबली, दम घेतला, पुन्हा चढली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही कार्टीने. व्हरांड्यातून कर्र कर्र आवाज वर्गाकडे गेला, आत शिरला आणि थांबला. बाकावर बसली असणार. मी पदराने डोळे पुसले आणि तशीच अक्कांकडे गेले, सांगायला.