मनगट

इथे परदेशात, पासिर रिस उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर आहे. इथल्या नव्या सरकारी घरांत तो असतोच. जाड भिंती, खिडकी नाही, लोखंडी दार. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून सगळे त्यात अडगळ भरतात. आमच्याकडे तांदळाचं पिंप, लोणच्याच्या बरण्या आणि गणपतीचं मखर. गेल्या वर्षीपर्यंत मी त्या खोलीला हसायचो.

मी साताऱ्याकडचा, घरी गाईंचा मोठा गोठा. शेणातून सुटावं म्हणून इंजिनियर झालो, बोटीवर गेलो, आणि नशीब असं की गाठ पडली ती गुरं नेणाऱ्या जहाजाशीच! आमचे चीफ इंजिनियर निवृत्तीला टेकलेले, पुण्याचे, तोंडाने तिखट. इंजिन त्यांनी मला शिकवलं, गुरं मी त्यांना. "बिथरलेलं जनावर धरायचं नाही, साहेब. हात मोकळे सोडायचे आणि बाजूला उभं राहायचं," असं मी ऐटीत सांगायचो.

गेल्या वर्षी आम्ही युद्ध चालू असलेल्या समुद्रातून चाललो होतो. ड्रोन दिसला, भोंगा वाजला आणि आम्ही सगळ्यांनी खालच्या सुरक्षित खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. वर कुठेतरी स्फोट झाला. दिवे गेले, गुरांच्या डेकवरचे पंखे बंद पडले. पंखे नसले की गुरं गुदमरतात. वरून हंबरणं ऐकू यायला लागलं. ते हंबरणं कसलं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी दाराकडे धावलो. साहेबांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मी हिसडे दिले, शिव्या दिल्या. हंबरणं हळूहळू कमी होत गेलं, आणि पार थांबलं तेव्हा मीही हिसडे द्यायचं सोडलं. नंतर कळलं, दुसरा ड्रोन वर जायच्या जिन्यावरच आदळला होता. त्या पकडीमुळे मी जिवंत आहे.

परत आलो तो बदलूनच. लेकीला लिफ्टनं एकटीला खाली जाऊ देईना. रस्ता ओलांडताना तिचा हात असा धरायचो की ती कळवळायची. बायको रागवायची. मला वाटायचं, हिला काय कळतंय?

परवा साहेब चहाला आले होते. आता ते याच शहरात, सेम्बावांगला मुलाकडे राहतात. संध्याकाळी अचानक भोंगा वाजला. तो दरवर्षी चाचणी म्हणून वाजतो, शाळेतून तशी सूचनाही आली होती. त्या क्षणी मला काही आठवलं नाही. लेकीचं मनगट पकडून मी तिला शेल्टरमध्ये ओढलं आणि दार आतून लावून घेतलं.

"बाबा, टेस्ट आहे! जस्ट अ टेस्ट लाह!" ती इथल्या मुलांच्या बोलीत ओरडत होती. भोंगा थांबला, तरी माझ्याच्यानं दार उघडेना. बाहेर बायको दार बडवत होती. मग साहेबांचा आवाज आला, "अरे, मलाही आत घे."

मी दार किलकिलं केलं. ते आत शिरले, स्वतःच दार लावलं आणि तांदळाच्या पिंपावर बसले.

"भोंगा वाजला की मीही अजून लपायला जागा शोधतो," ते म्हणाले. मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, "घाबरलीस का गं?"

तिनं मान डोलावली. "भोंग्याला नाही."

ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मनगट सोड तिचं," साहेब म्हणाले.

"तुम्ही नव्हतं सोडलं माझं."

"तेव्हा बाहेर ड्रोन होता. आता बाहेर तिची आई आहे."

मी खाली पाहिलं. माझी बोटं तिच्या मनगटात रुतली होती. सोडायचं ठरवलं, तरी सुटेनात. साहेबांनी ती एकेक करून उलगडली. लेक त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, माझ्यापासून जमेल तितकी लांब. तिला जवळ ओढून घ्यावं असं मला फार वाटलं. मी दार उघडलं, हात मोकळे सोडले आणि बाजूला उभा राहिलो.