केरूबाबांचं गाऱ्हाणं

केरूबाबा देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणून वाडीने त्यांना सरकारपुढेही उभं केलं. गाऱ्हाण्याला बोलणारा एकटा असतो आणि बाकीचे दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. केरूबाबा हे काम चाळीस वर्षं करतायत. एरवी मात्र माणूस इतका अबोल, की त्यांची बायको, आमची चिमाकाकी म्हणते, "आमच्या घरात बोलनं देवासाटी राखून ठेवलंय."

आमची वाडी रत्नागिरीच्या स्टँडपासून अर्ध्या तासावर. वर जांभ्या दगडाचं सपाट पठार, म्हणजे आमचा सडा, खाली आमच्या विहिरी. त्या सड्यावर बारा मजल्यांच्या सहा इमारती उठणार असं कळलं आणि वाडी खवळली. सड्यावरचं पाणी झिरपून आमच्याच विहिरींत येतं. वर पाचशे बिऱ्हाडांचे संडास झाले तर खाली काय येईल, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. हरकतीचा अर्ज मी लिहिला. चौतीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या चुका काढल्या. अर्जात एक वेलांटी चुकू दिली नाही.

तो अर्ज समजावून द्यायला मी केरूबाबांच्या पडवीत बसले होते, तेवढ्यात मुंबईहून विनोदचा फोन आला. विनोद त्यांचा एकुलता मुलगा, माझा विद्यार्थी. केरूबाबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"बाबा, रत्नागिरीत नोकरीचं जमलंय. आपल्या वरच्या सड्यावर ब्लॉक नोंदवतोय. आरोहीला तिकडच्याच शाळेत घालू."

"आपलं घर हाय की."

"तीन खोल्यांत काकांचं नि आपलं कसं मावणार? नवं बांधायचं तर सातबाऱ्यावर तेवीस नावं. कोण देणार सह्या?"

खरंच होतं ते. तेवीसांतले चौघे कधीच वर गेलेत, पण सातबाऱ्यावर मजेत नांदतायत.

फोन ठेवून केरूबाबा माझ्याकडे वळले. "बाई, वाडीत बोलू नका," ते म्हणाले. "बावीस वर्सं झाली त्याला जाऊन. गनपतीला येतो, पाचव्या दिशी जातो. गाडी वळंपर्यंत मी उभा ऱ्हातो. मग दिवसभर चिमा नि मी येकमेकांशी बोलत नाय."

अर्जाची घडी करून त्यांनी खिशात घातली. आता हे माघार घेणार, असं मला वाटलं. घेतली असती तरी मी त्यांना दोष दिला नसता.

सुनावणीला शाळा मिळाली नाही, म्हणून देवळाच्या सभामंडपात टेबल टाकलं. सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी पुढ्यात दोन कागद घेतले, एक हरकतींचा, एक सूचनांचा. केरूबाबा उठले आणि गाऱ्हाण्याला उभे राहतात त्याच खांबाशी गेले. तिथेच घोटाळा झाला. अर्ज खिशातच राहिला आणि हात जोडले गेले.

"बा देवा म्हाराजा, सड्यावरचं पानी आमच्या बावींत उतरतंय, ते तसंच उतरू दे म्हाराजा."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पण जित्याची खोड. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"आमच्या डोक्यावर ह्या सा इमारती नकोत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

एकदा लय लागल्यावर माणूस थांबतो कसला? चाळीस वर्षं ज्या मागण्याने गाऱ्हाणं संपतं, ते आलंच. "आनि जी पोरं पोटासाटी मुंबयला गेलीत, त्यांना सुखरूप घरला आन म्हाराजा."

ह्या मागण्याला वाडीचा आवाज नेहमीच सगळ्यात मोठा लागतो. केरूबाबांचे जोडलेले हात मात्र खाली आले. आपण काय मागितलं ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आलं असावं.

साहेब भला माणूस होता. हसला नाही. "बाबा, पाण्याचं आणि इमारतींचं हरकतीत घेतलं. हे शेवटचं कुठे लिहू?"

केरूबाबांनी खांबाला हात टेकला. "सूचनेत लिवा, सायब. हरकत वाडीची हाय, तिच्यात बदल नाय. सूचना माजी येकट्याची."

"सूचना देणाऱ्याचं नाव?"

"विनोद," केरूबाबा म्हणाले.

साहेबांनी लिहून घेतलं. चुका दुरुस्त करणं हा माझा जन्माचा धंदा, पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही.