ओवेझमुरादची किल्ल्यावरची नोकरी

ओवेझमुरादने जन्मभर टरबुजं पिकवली, पण बोलला मात्र किल्ल्याबद्दल. काराकुम वाळवंटात, सरहद्दीजवळ, कच्च्या विटांचा एक लष्करी किल्ला होता. रशियन पलटण तिथे होती तेव्हा तरुण ओवेझमुराद चार वर्षं तिथे नोकरीला होता. त्या चार वर्षांवर त्याने पुढची अडतीस वर्षं काढली. बारसं असो की मयताचं जेवण, "आम्ही किल्ल्यावर असताना..." म्हणत तो दाढी कुरवाळायचा, आणि त्याची बायको ओगुलबिके चहाची किटली भरायच्या निमित्ताने उठून जायची.

पलटण गेली, किल्ला ढासळला. या वसंतात जावई बेगलीने जुनी जीप घेतली आणि म्हणाला, "बाबा, एकदा दाखवाच तो किल्ला."

"गुडघे दुखतात," ओवेझमुराद म्हणाला. मग उन्हाचं कारण निघालं, मग सापांचं. तोवर ओगुलबिके दह्याचं भांडं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलीसुद्धा होती.

किल्ल्याच्या तीन भिंती आणि अर्धा बुरूज उरला होता. आसपास चिटपाखरू नाही हे पाहून ओवेझमुरादला धीर आला. "या बुरुजावर रात्र रात्र बंदूक घेऊन उभा असायचो मी. माझ्या परवानगीशिवाय उंदीर आत शिरत नसे!"

"वर चढायचात कुठून?" बेगलीने विचारलं.

"जिना होता. पडला."

एवढ्यात भिंतीआडून धूर आला, पाठोपाठ शेळ्या आल्या आणि शेळ्यांमागून काठी टेकत एक म्हातारी. तिने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

"अगंबाई, रोटीवाला ओवेझ ना रे तू?"

ओवेझमुराद खाली वाकून बुटातली वाळू काढू लागला.

"मी सोना! पलटणीचे कपडे धुवायची ती! बाई, काय रोट्या करायचा हा! रशियन साहेबांना दुसऱ्या कुणाच्या हातची चालत नसे. तुझा तंदूर अजून धड आहे बघ, मीच वापरते."

बेगलीने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. ओगुलबिके मात्र हसली नाही. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, बंदुकीचं राहू द्या. तुम्हाला रोट्या करता येतात?"

"तुझ्या बापाला मध्यस्थाने सांगितलं, मुलगा किल्ल्यावर असतो," ओवेझमुराद पुटपुटला. "बंदूक त्यांनीच धरली मनात. मी फक्त नाही म्हटलं नाही. पुरुषाने तंदूर पेटवला म्हटल्यावर कुणी मुलगी दिली असती?"

"अडतीस वर्षं!" ओगुलबिकेने बाह्या मागे सारल्या. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. "गोठवणाऱ्या थंडीत, गरोदरपणात, तापात मी तंदुराच्या तोंडाशी वाकले. आणि तुम्ही पलीकडे बसून म्हणायचात, कड जरा जाड झाली!"

"झाली होती जाड," ओवेझमुराद म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला पश्चात्ताप झाला.

सोनाने भिजवलेल्या कणकेची परात पुढे केली. दुसरा मार्गच नव्हता. ओवेझमुराद गुडघ्यांवर बसला. पण बोटांना सगळं आठवत होतं. गोळा थापला, वर पाण्याचा हात फिरवला, डोकं आत घालून रोटी भिंतीला चापकन मारली. दुसरी, तिसरी, चौथी. दुखणारे गुडघे तो विसरून गेला. रोट्या बाहेर आल्या त्या सोनेरी, फुगलेल्या, कडेला पातळ.

ओगुलबिकेने तुकडा मोडला, चावला, डोळे मिटले.

"चांगली झालीय," ती म्हणाली. मग लगेच, "उद्यापासून तुम्हीच करायच्या."

"पण गाव काय म्हणेल?"

"गावाला मी सांगते."

आणि तिने खरंच सांगितलं, घरोघर जाऊन. आठवडाभर लोक कुंपणावरून डोकावून हसले. दुसऱ्या आठवड्यात त्याच लोकांच्या बायका पिठाची पोती घेऊन दारात उभ्या राहिल्या. आता लग्न ठरलं की आधी ओवेझमुरादला बोलावणं जातं. तो पहाटे तंदुराशी वाकलेला असतो. ओगुलबिके बाजेवर पाय पसरून हिरवा चहा पिते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते बघत बसायला जागा करून देते.